शिलेदाराचे घर आणि घोड्याचा पाय : माणदेशातील किरकोळ जखमांच्या घरगुती उपचारांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात घोड्याचा उल्लेख पदोपदी येतो. घोड्याच्या पायाचा मात्र क्वचितच. मोहीम किती कोसांची झाली, पागेत किती घोडी होती, लुटीत किती मिळाली, याचे आकडे बखरींतून आणि पत्रांतून सापडतात. परंतु त्या कोसांचा सगळा भार ज्या चार पायांवर पडत असे, त्या पायांना रोज काय होत होते आणि ते कोण बरे करीत होते, हा प्रश्न इतिहासलेखनात बहुधा उपस्थितच झालेला नाही. काट्याने चिरलेली पोटरी, दोरीने कातलेला घोटा, दगडावर सोलवटलेला गुडघा या गोष्टी इतिहासकाराला क्षुल्लक वाटतात. ज्याची उपजीविका एका घोड्यावर अवलंबून होती त्या शिलेदाराला त्या तशा वाटत नव्हत्या. प्रस्तुत निबंधात माणदेश हा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या क्षुल्लक मानल्या गेलेल्या बाजूचा विचार केला आहे.

माणदेश म्हणजे माणगंगेच्या दोहो बाजूंचा मुलूख. साताऱ्याचा माण तालुका, सांगलीचा आटपाडी तालुका आणि लगतच्या सांगोला, खटाव, जत या तालुक्यांचा काही भाग त्यात मोडतो. माणगंगा माण तालुक्यातील कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि म्हसवड, आटपाडी, सांगोला या भागांतून वाहत जाऊन पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. शेती बेभरवशाची, माळ विस्तीर्ण आणि गवत आखूड पण कसदार, अशा ठिकाणी माणसे जनावरांवर जगतात. मेंढी, खिलार बैल आणि घोडा ही माणदेशाची तीन जनावरे होत. त्यांपैकी पहिली दोन आजही प्रसिद्ध आहेत. तिसऱ्याची प्रसिद्धी लोप पावली आहे.

ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दख्खनच्या नद्यांकाठी निपजणाऱ्या घोड्यांची प्रशंसा केली असून त्यांत भीमा आणि माण या नद्यांकाठच्या घोड्यांचा विशेष उल्लेख केला आहे. हे घोडे अंगाने लहान, परंतु काटक. 'भीमथडीचे तट्टू' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो याच जातीवरून. सरदारांच्या बसण्याला अरबी किंवा काठेवाडी घोडे असत. फौजेची खरी भिस्त मात्र या तट्टांवर होती.

जखमेची भूमी

कोणत्या प्रकारच्या जखमा होतात हे भूमी ठरवते. माणदेशाच्या माळावर बाभूळ, बोर, हिवर यांची काटेरी झाडे. शेतांना कुंपण म्हणून बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुडे. आणि पावसाळा सरताच वाळणारे कुसळी गवत. या गवताचे कुसळ टोकदार व मळसूत्री असते. ते कातडीत शिरले की हालचालीसरशी आत आत जाते, आणि वरून काहीच दिसत नसताना खाली पू धरतो. खाली मुरूम आणि काळ्या पाषाणाचे कंगोरे. अशा भूमीवरून भरधाव जाणाऱ्या घोड्याच्या गुडघ्याखालचा भाग सदैव ओरखडलेला असे, यात नवल नाही.

यापेक्षाही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पायाच्या पुष्कळशा जखमा रणांगणावर किंवा वाटेत नव्हे, तर दावणीला होत असत. घोडा बांधण्याची दख्खनी रीत आगाडी-पिछाडीची. पुढून तोंडाच्या दोऱ्या दोन खुंट्यांना आणि मागून मागच्या पायांच्या दोऱ्या तिसऱ्या खुंटीला. घोडा बिथरला, लाथाळला, शेजारच्या घोडीकडे ओढला गेला की पिछाडीची दोरी टापेच्या वरच्या खोलगट भागात रुतते आणि तेथील पातळ कातडी कातते. चरायला सोडताना पुढचे दोन पाय बांधण्याची रीत निराळीच. तिलाच पायबंद म्हणतात. एखाद्या गोष्टीला 'पायबंद घालणे' असे मराठी माणूस आज सहज म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात घोडा नसतो. तीच गत 'रतीब' या शब्दाची. दुधाच्या रतीबाशी आपला परिचय आहे. पागेत मात्र तो जनावराच्या ठरावीक खुराकाचा शब्द होता. पागा गेली, भाषेत तिच्या खुणा राहिल्या.

घोड्याच्या पायाची रचनाही येथे ध्यानात घ्यावी लागते. गुडघ्याखाली घोड्याला मांस जवळपास नसते. कातडी, तिच्याखाली स्नायुबंध आणि लगेच हाड. रक्तपुरवठा मर्यादित, हालचाल मात्र सतत. त्यामुळे मानेवर किंवा पुठ्ठ्यावर पंधरवड्यात भरून येणारी जखम पायावर महिनोन् महिने रेंगाळते. शिवाय जखमेत वाजवीपेक्षा अधिक मांस वाढून ते कातडीच्या वर उसळते आणि त्यावर कातडी धरत नाही. सुश्रुतसंहितेत व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत असे वर आलेले, 'उत्सन्न' मांस खाली बसवण्याचाही एक उपक्रम असून त्यासाठी हिराकशीसारखी द्रव्ये सांगितली आहेत. पायाची जखम लहान असली तरी सोपी नसते, हे जुन्या वैद्यांना ठाऊक होते.

ग्रंथ, पागा आणि घर

भारतातील अश्ववैद्यकाची ग्रंथपरंपरा समृद्ध आहे. शालिहोत्र या ऋषीच्या नावावर तिचा आरंभ सांगितला जातो. अग्निपुराणात शालिहोत्राने सुश्रुताला केलेला अश्वायुर्वेदाचा उपदेश आहे. नकुलाच्या नावे अश्वचिकित्सा आहे. जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आहे. भोजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'शालिहोत्र' या ग्रंथाची संपादित आवृत्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये काढली. या परंपरेची फारसी भाषांतरे झाली, आणि जोसेफ अर्ल्स याने १७८८ मध्ये कलकत्त्यास फारसीवरून तिचे इंग्रजी रूप छापले. त्याही आधी कौटिल्याने अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उपचारातील हयगयीमुळे व्याधी वाढल्यास वैद्याला दंड सांगितला होता आणि युद्धाने, रोगाने वा वयाने निकामी झालेल्या घोड्यांना खुराक चालू ठेवण्याचा नियम घातला होता.

परंतु हे सारे ग्रंथ राजाच्या अश्वशाळेसाठी लिहिलेले आहेत. त्यांत वैद्य वेतनावर आहे, औषधांचे कोठार आहे, घोडा राजाचा आहे. मराठी फौजेची रचना निराळी होती आणि त्या रचनेतच घरगुती उपचारांचे महत्त्व दडलेले आहे.

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९४ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची घडण सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. आणि दर पंचवीस घोड्यांमागे दोन माणसे : एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि टाप. पंचवीस घोड्यांच्या या तुकडीत वैद्याची नेमणूक दिसत नाही. घोड्याच्या दैनंदिन आरोग्याचा भार नालबंद, मोतद्दार आणि स्वतः स्वार यांच्यावरच पडत असणार, हा निष्कर्ष येथे अटळ ठरतो. नालबंदाला टापेचे ज्ञान असे. नालेचा खिळा चुकून आतल्या जिवंत भागात गेला तर तो ओळखून काढणे, टापेत धरलेला पू खालून वाट करून सोडणे ही कामे त्याची. टापेच्या वरचा पाय मात्र मोतद्दाराच्या आणि स्वाराच्या हाती.

त्याच बखरीत पावसाळी छावणीविषयी जे सांगितले आहे ते या दृष्टीने फार मोलाचे आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी परतावे; त्यांच्यासाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे व पागा सिद्ध ठेवाव्यात, अशी ती व्यवस्था आहे. औषधांचा हा उल्लेख ओझरता असला तरी तो दाण्या-वैरणीच्या पंगतीत आलेला आहे. औषध ही आणीबाणीची वस्तू नसून वार्षिक बेगमीची वस्तू मानलेली दिसते. मे १६७४ मध्ये चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आधीच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि त्यांचा दोष तुमच्यावर येईल, मग लोक रयतेला उपद्रव देऊ लागतील, असा त्याचा आशय आहे. निष्काळजीपणाने लागणाऱ्या आगीचा इशाराही त्यात आहे. या पत्राची चर्चा रयतेविषयीच्या कळवळ्याच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. ते पशुपालनाचे पत्र म्हणूनही वाचता येते.

बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. हा भेद सर्वपरिचित आहे. त्याचे वैद्यकीय परिणाम मात्र फारसे लक्षात घेतले गेलेले नाहीत. बारगिराचा घोडा लंगडला तर दुसरा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचा घोडा लंगडला की त्याची शिलेदारी लंगडली. पुढील काळात शिलेदारांना मोहिमेपूर्वी जी आगाऊ रक्कम मिळे तिला 'नालबंदी' म्हणत. सगळ्या सिद्धतेच्या खर्चाला नालेचे नाव मिळावे, हे सूचक आहे. उत्तर पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले तसतसे घोड्याचे आरोग्य हे पागेच्या शिस्तीतून निसटून घराघराच्या शहाणपणावर अवलंबून राहू लागले. या बदलात काही लाभ होते आणि मोठी हानीही. लाभ असा की, आपला एकुलता घोडा माणूस जिवापाड जपतो. हानी अशी की, हे शहाणपण कोठे लिहिले गेले नाही. ते तपासले गेले नाही आणि एका घरातले दुसऱ्या घरात जाईलच याची शाश्वती राहिली नाही.

माणदेश हा अशा शिलेदारांचा आणि देशमुखांचा मुलूख. म्हसवडचे माने हे त्यांतील बलाढ्य घराणे. मराठी घोडदळाच्या वेगवान युद्धपद्धतीचा श्रेष्ठ सेनानी संताजी घोरपडे याचा जून १६९७ मध्ये शिखर शिंगणापूरच्या डोंगराळ परिसरात नागोजी माने याच्या हातून अंत झाला, तो याच भूमीत. पुढे तीनच वर्षांनी, १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री, एरवी कोरड्या असणाऱ्या माण नदीला अवचित पूर आला आणि खवासपूर येथे पडलेली औरंगजेबाची छावणी त्यात सापडली. धांदलीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा अधू झाला. बादशहाच्या त्या गुडघ्याची नोंद इतिहासाने घेतली. सातारा-परळीच्या वेढ्यांपासून त्या पुरापर्यंत मोगली लष्कराची जी अगणित जनावरे पायांनी निकामी झाली, त्यांची नोंद ठोकळ शब्दांतच उरली.

हळद, तेल आणि पाणी

घरगुती उपचारांची सामग्री माणदेशात आणि एकंदर दख्खनमध्ये फारशी निराळी नाही : हळद, तूप किंवा करंजेल, कडुनिंबाचा पाला, मीठ, तुरटी, चुना, मोरचूद, कापूर, डिकेमाली, तंबाखू, सीताफळाचा पाला आणि चुलीतील राख. यांतील प्रत्येक वस्तू गावच्या घरात, बांधावर किंवा बाजारात मिळणारी आहे. तिच्याकडे केवळ 'पारंपरिक ज्ञान' म्हणून आदराने पाहून थांबणे जसे योग्य नाही, तसे 'अडाणी उपाय' म्हणून ती बाजूस सारणेही योग्य नाही. प्रत्येक उपाय काय साधत होता, हे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे.

प्रथम पाणी. आजचे पशुवैद्यक किरकोळ जखमेबाबत पहिला सल्ला देते तो भरपूर स्वच्छ पाण्याने, शक्य तर वाहत्या धारेने, जखम धुण्याचा. औषध त्यानंतर. निंबाच्या पाल्याचा उकळून निववलेला काढा किंवा मिठाचे कोमट पाणी यांनी धुण्याची रीत या सल्ल्याशी जुळते. निंबाइतकाच त्यातील उकळण्याचा गुण महत्त्वाचा आहे. पण माणदेशात पाणीच दुर्मीळ. १८७६–७८ आणि १९७२ हे दुष्काळ येथे अजून बोलण्यात येतात. २०१२–१३ मध्ये जनावरांना चारा छावण्यांत न्यावे लागले. जेथे माणसाला घागर मोजून मिळे तेथे घोड्याचा पाय धुण्यासाठी पाणी कोठून आणायचे? जखमेवर कोरडी हळद किंवा राख दाबण्याची रीत अशा कोरड्या मुलखात अधिक रुजावी, याचे कारण अज्ञानापेक्षा टंचाईत शोधणे इष्ट होईल. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, या सभासदाच्या नोंदीकडे अशा वेळी पुन्हा वळावेसे वाटते. ती पखाल मुख्यतः पिण्याच्या पाण्याची हे खरे. परंतु पाणी पागेतच असणे ही जखमेच्या दृष्टीनेही मोठीच सोय होती.

हळदीचे जंतुरोधक आणि दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसून आले आहेत; तेला-तुपात कालवल्याने ती जखमेला चिकटून राहते व खपली तडकत नाही. तुरटीने बारीक रक्तस्राव थांबतो. मोरचूद तीव्र दाहक आहे. वर आलेले फाजील मांस जाळण्यासाठी त्याचा उपयोग येथे होई तसाच युरोपीय अश्ववैद्यही करीत. ताज्या जखमेवर मात्र ते निरोगी मांसही जाळते आणि जखम भरण्याऐवजी मोठी होते. एकच वस्तू जखमेच्या एका अवस्थेत उपकारक आणि दुसऱ्या अवस्थेत अपायकारक, ही गोष्ट जाणत्या मोतद्दाराला अनुभवाने कळे. ऐकीव ज्ञानावर विसंबणाऱ्याला ती कळत नसे. घरगुती वैद्यकाचे यशापयश वस्तूंच्या यादीपेक्षा या तारतम्यावर अधिक ठरत असले पाहिजे.

सर्वाधिक विचार करण्याजोगी गोष्ट माश्यांची आहे. एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या इंग्रज पशुवैद्यांना घोड्यांच्या एका व्याधीने फार सतावले. पावसाळ्याच्या सुमारास पायावर, ओठावर, डोळ्याच्या कोपऱ्याशी साधी जखम चिघळत जाई, तिच्यात मांस उसळे आणि त्यात पिवळसर खड्यांसारखे कण सापडत. एतद्देशीय लोक तिला 'बरसाती' म्हणत. तोच शब्द इंग्रजी वैद्यकग्रंथांत गेला, आणि त्या कणांना 'कंकर' हे नावही तसेच उचलले गेले. ही बुरशी आहे, की कर्करोगासारखी वाढ आहे, की रक्तदोष आहे, यावर अनेक वर्षे वाद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी उलगडा झाला की, घोड्याच्या जठरात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या माश्यांच्या द्वारे जखमेत सोडल्या जातात आणि जखम चिघळते. अशाच दिसणाऱ्या काही व्रणांचे कारण साचलेल्या पाण्यात वाढणारा एक बुरशीसदृश जीव असतो, हेही पुढे कळले. वैद्यकाला कारण सापडण्यापूर्वीच लोकांना ऋतू सापडला होता, हे 'बरसाती' या नावातच दिसते.

आणि ऋतूबरोबर माशीही. डिकेमाली या उग्र वासाच्या डिंकाचा पशूंच्या जखमांवर उपयोग होतो, ही गोष्ट मुंबईचे विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या भारतीय औषधींच्या ग्रंथातही आलेली आहे. त्याच्या वासाने माश्या जखमेवर बसत नाहीत. करंजेल, निंबोळीचे तेल, कापूर आणि संध्याकाळी दावणीशी केलेला निंबाच्या पाल्याचा धूर यांचे कार्य एकच : जखमेपासून माशी दूर ठेवणे. किडे पडलेल्या जखमेत सीताफळाचा किंवा तंबाखूचा पाला वाटून भरण्याची रीतही त्यातलीच. सीताफळाच्या पाल्यात आणि बियांत कीटकनाशक द्रव्ये आहेत. बरसातीचे खरे कारण ठाऊक नसताना तिला रोखण्याचा मार्ग मात्र अंशतः तरी सापडलेला होता. पावसाळ्यात फौजेने छावणीला परतावे या नियमामागे नद्यांचे पूर, चिखल आणि शेतीची कामे ही कारणे होतीच. परंतु माश्यांच्या ऋतूत घोडे शाकारलेल्या कोरड्या पागेत विश्रांतीला असत, हा त्या नियमाचा अनुषंगिक लाभ नजरेआड करता येत नाही.

आता दुसरी बाजू. राख, माती किंवा शेण जखमेत भरणे घातक होते आणि आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि विशेषतः घोड्याच्या लिदीत असतात. सर्व पाळीव जनावरांत धनुर्वाताला सर्वाधिक बळी पडणारे जनावर घोडाच. टापेत खिळा किंवा काटा घुसून झालेली, वरून बारीक दिसणारी खोल जखम यासाठी सर्वांत धोक्याची. ती वरून हळदीने बुजवली तर आत हवा पोहोचत नाही आणि त्या जंतूंना हवी तशी जागा मिळते. जखम बरी झाली असे वाटून आठ-पंधरा दिवसांनी घोडा ताठरला, त्याचा जबडा मिटला, तर त्याचा संबंध त्या विसरलेल्या काट्याशी कोण लावणार? अशा मृत्यूंचे खापर नजर, करणी किंवा देवाचा कोप यांवर फुटणे ओघानेच आले.

पाय सुजला की तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीतही अशीच. तिच्याकडे देशी क्रौर्याचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते. परंतु याच रीतीचे युरोपात शास्त्र बनले होते आणि विसाव्या शतकात पुष्कळ उशिरापर्यंत तेथील शिकलेले अश्ववैद्य स्नायुबंधांच्या दुखण्यावर डाग देत होते. डागलेला घोडा काही आठवडे कामाला लावता येत नसे. गुण आला तर तो बहुधा त्या सक्तीच्या विश्रांतीचा असावा.

तट्टाचा लहानपणा

येथे एका आधुनिक संशोधनाचा निर्देश उपयुक्त ठरेल. हॉलंडमधील उट्रेख्त येथे विल्मिंक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठे घोडे व तट्टे यांच्या पायावरील सारख्या जखमांची तुलना केली. तट्टांच्या जखमा लवकर भरल्या आणि त्यांत फाजील मांस कमी वाढले. आरंभीचा दाह तट्टांत जोरकस असतो आणि लवकर ओसरतो; मोठ्या घोड्यांत तो मंद असतो व रेंगाळतो, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे आले. ती तट्टे युरोपीय होती आणि संख्येने थोडी. तेव्हा तो निष्कर्ष भीमथडीच्या तट्टावर जसाच्या तसा लादता येणार नाही. तरीही दख्खनी फौजेच्या काटकपणाची चर्चा करताना कमी चारा, कमी पाणी आणि लांब मजल यांच्या जोडीला लवकर भरणारी जखम हाही एक घटक तपासण्याजोगा आहे. घरगुती उपचारांना जे यश मिळे त्यातील काही वाटा औषधाचा नसून जनावराच्या अंगभूत प्रकृतीचा असू शकेल. हळदीच्या श्रेयातून तेवढे वजा करावे लागेल.

पागा मोडल्यानंतर

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. शिलेदारी हा शब्द नाहीसा झाला नाही. इंग्रजांच्या हिंदी घोडदळात स्वाराने स्वतःचा घोडा आणण्याची पद्धत याच नावाने पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. त्या पलटणींत 'सालोत्री' हा देशी अश्ववैद्यही राहिला. शालिहोत्र ऋषीचे नाव घासून घासून त्या हुद्द्यापर्यंत आले होते. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, १८८६ मध्ये मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नव्या विद्येने जंतू, निर्जंतुकीकरण आणि पुढे प्रतिविष आणले. धनुर्वाताचे प्रतिविष १८९० मध्ये जर्मनीत सिद्ध झाले आणि लौकरच ते घोड्यांच्या रक्तापासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही असे रक्तजल तयार करण्यासाठी पिंपरीस घोडे पाळले. धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यानेच माणसाला त्यापासून संरक्षण मिळवून दिले.

ही विद्या माणदेशातील खेड्यापर्यंत पोहोचेपर्यंत तेथील घोडा जवळजवळ निघून गेला होता. फौजेची मागणी आटली, रस्ते झाले, मोटारी आल्या. सरकारी दवाखान्यांचे लक्ष स्वाभाविकपणे बैल, गाय, म्हैस आणि पुढे संकरित गाईकडे वळले. जुने घरगुती शहाणपण बाद ठरले खरे, परंतु त्याची जागा नव्याने घेतली नाही.

घोडा उरला तो धनगरांकडे. माण, आटपाडी, सांगोला या भागांतील मेंढपाळ पावसाळा संपल्यावर कळप घेऊन बाहेर पडतात, तेव्हा बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मुलेही तट्टाच्या पाठीवर असतात. ही तट्टे पुष्कळदा बिननालेची चालतात. वाट डांबरी रस्त्याची, उसाच्या शेतांमधली, घाटांची. मुक्काम रोज नवा. अशा बिऱ्हाडात जखमेवर उपचार म्हणजे बहुधा बाईच्या हातची हळद आणि तेल; कारण वाड्यावर मागे राहून तट्टे, कोकरे आणि चूल सांभाळणारी तीच. धनगरांच्या देवतांचा आणि ओव्यांचा अभ्यास ग्युंटर सोन्थायमर यांनी केला. १९९० नंतर पुण्याच्या 'अंथ्रा' या संस्थेने पशुपालकांच्या औषधी ज्ञानाच्या नोंदी घेण्याचे काम हाती घेतले. त्या कामाचा भर साहजिकच शेळ्यामेंढ्यांवर राहिला. तट्टू हे धनगराच्याही संपत्तीत दुय्यम. मेंढीचे मोल होते, तट्टाचे फक्त काम होते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांपुरता मर्यादित केला आणि देखरेखीखालील 'किरकोळ' सेवांना राज्याच्या आदेशाने वाट ठेवली. घरच्या जनावराची जखम धुण्याला परवाना लागत नाही. प्रश्न निराळाच आहे : कोणती जखम घरची आणि कोणती दवाखान्याची, हे ओळखणारी नजर घरात उरली आहे काय? सांध्याजवळची जखम, टापेतील खोल टोचणी, उसळून वाहणारे रक्त, जखमेच्या मानाने अधिक लंगडणे, ही चिन्हे दिसताच हळदीचा डबा बाजूला ठेवायचा असतो. जुन्या परंपरेत ही सीमा 'मर्म' या कल्पनेने आखलेली होती. मर्मस्थानी घाव असेल तर हात आखडता घ्यावा, हे त्या शास्त्राचे सांगणे. घरगुती परंपरेत औषधांची नावे टिकली, मर्माचा विवेक मात्र पुष्कळ ठिकाणी गळून पडला.

२०२४ मध्ये भीमथडी घोड्याला स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. ज्या जातीची गणना इतिहासजमा म्हणून होत होती ती मेंढपाळांच्या तट्टांत जिवंत असल्याचे त्यामुळे मान्य झाले. दिवाळीनंतर फलटण-लोणंदच्या रस्त्याने कळपांमागून चालणाऱ्या त्या तट्टांच्या मागच्या पायांकडे पाहिले, तर घोट्याच्या वर दोरीने कातल्याचा केस नसलेला पट्टा अनेकांच्या अंगावर दिसतो. काहींच्या पट्ट्यावर हळदीचा पिवळा डाग असतो.